पाखरांच्या जागी मालगुजार

आपल्या तळ्यावर पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली, कुणी मोजलेली नाहीत. धक्क्यावर पारबता ढिवरीण डोंगा चालवायची, त्या लाकडी होडीतून लोकांना पलीकडं न्यायची. जिभेची फटकळ, मनाची सरळ.

दिवाळी सरली की उत्तरेकडून पाणपाखरं उतरायची. पारबता सकाळभर धक्क्यावर बसून त्यांच्याकडं बघत राहायची. तळं आटत जायचं, गाळ रोज जागा बदलायचा, आणि वाट कळायची ती पाखरांवरून. बुटके तुतवार दिसले की तिथं बोटभर पाणी, लांब तंगड्यांचे शेकाटे दिसले की वीतभर. जिथं एकही पाखरू उभं नाही, तिथून डोंगा काढायचा. तिचा डोंगा कधी रुतला नाही, असं म्हणतात.

एका सकाळी गावचा मालगुजार, म्हणजे जमीनदार, पाहुण्यांना घेऊन आला, बंदुकांसकट. पारबता म्हणाली, "मालक, पाखरं नोका मारू. पाखरायच्याच भरवशावर डोंगा चालते."

पाहुणे हसले. मालगुजारही हसला. दहा-बारा पाखरं पडली, उरलेली उडून गेली. खायलासुद्धा नेली नाहीत मेल्यांनी, तिथंच टाकली. पारबतेनं अशा शिव्या हासडल्या की पलीकडच्या काठावरच्या म्हशी उठून उभ्या राहिल्या, असं म्हणतात.

दुपारी तोच मालगुजार धावत आला. सून बाळंतपणात अडली होती आणि सुईण पलीकडच्या गावात. पारबतेनं तळ्याकडं बोट दाखवलं. एक पाखरू नव्हतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण त्या पोरीचा काय दोष? तिनं मालगुजाराच्या कमरेला दोर बांधला.

"पाखरायचं काम आता तुमीच करा. व्हा पुढं."

मालगुजार कोट-पगडीसकट गाळात उतरला. त्याचे पाय टेकले की ती डोंगा वळवायची, त्यानं गटांगळी खाल्ली की तिथून हाकायची. जाताना तसंच, सुईणीला घेऊन येताना तसंच. येताना तो इतका माखला होता की तुतवार त्याच्या खांद्यावर येऊन बसले, असं म्हणतात.

दिवस मावळायच्या आत नातू झाला. मालगुजार पेढे घेऊन धक्क्यावर आला. पारबतेनं पाठ फिरवली. मरेपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही.

आता पूल आहे. तरी दिवाळीनंतर पहिलं पाखरू उतरलं की मालगुजाराच्या घरचा कर्ता पुरुष कमरेला दोर बांधून गाळात उतरतो. हल्लीचा तर शहरात मोठा साहेब आहे, त्यालाही सुटका नाही. गावच्या बाया धक्क्यावर उभ्या राहून पारबतेच्या वतीनं त्याला पोटभर शिव्या घालतात, आणि तो मान खाली घालून ऐकतो.