शिरीषाखालचं ऊन

फार फार जुनी गोष्ट आहे. पण सांगायला बसलो की अजून माझं डोकं फिरतं, ते आधीच सांगून ठेवतो.

माळावरच्या एका गावात एका माणसानं नवं घर बांधलं. तिथला उन्हाळा अंग भाजणारा आणि थंडी हाडं गोठवणारी. अंगणात सावलीला झाड हवं म्हणून ऐन थंडीत तो आईला घेऊन माळिणीकडे गेला. तिच्या मळ्यात बकुळ हिरवीगार उभी होती. शेजारी शिरीष अगदी उघडाबोडका, नुसत्या वाळक्या शेंगा खुळखुळत होत्या.

आई म्हणाली, "शिरीष लाव, बाबा. उन्हाळ्यात सावली देतो आणि थंडीत पानं टाकून ऊन खाली सोडतो. म्हातारपणी मला उन्हाला बसता येईल."

"दारात असलं वठलेलं झाड? लोक काय म्हणतील?" मुलगा म्हणाला. "आणि ती पानं झाडणार कोण?"

ऐकलंत? झाडणार कोण म्हणे! जन्मात या गृहस्थानं केरसुणीला हात लावला नव्हता. अंगण रोज आईच झाडायची.

"मीच झाडीन की," आई म्हणाली. पण ऐकतो कोण! बकुळ लागली.

बकुळीचा काही दोष नाही. ती वाढली, दाटली, फुलली. येणारेजाणारे वाहवा करायचे. तोवर आई म्हातारी झाली, तिची बोटं आखडली. थंडीत अंगणात दिवसभर गारठा, उन्हाचा कवडसा पडेल तर शपथ.

"फार कुडकुडायला होतं रे," ती म्हणाली.

"मग घोंगडी घे," तो म्हणाला. घोंगडी घे! असा मुलगा.

मग आई रोज सकाळी कुठंतरी जाऊ लागली. यानं आठ दिवस विचारलंसुद्धा नाही. नवव्या दिवशी न्याहारीला उशीर झाला, तेव्हा स्वारी शोधायला निघाली. गल्लीच्या टोकाला कुंभारणीच्या दारात शिरीष होता. त्याच्याखाली आई, आखडलेल्या बोटांत केरसुणी धरून, परक्याचं अंगण झाडत होती.

कुंभारीण त्याच्यावर उसळली. "मी नको नको म्हणते. ही म्हणते, तुझ्या उन्हात बसते, तर निदान पानं झाडू दे. अरे, एवढं घर बांधलंस, त्यात आईला हातभर ऊन नाही?"

त्याची मान खाली गेली. "आई, घरी चल. आजच बकुळ तोडतो."

"खबरदार!" आई कडाडली. "तिनं काय केलंय? घरटी आहेत तिच्यात."

मग आई जितके हिवाळे जगली, तितके हिवाळे तो रोज सकाळी तिला हाताला धरून कुंभारणीकडे न्यायचा. आधी स्वतः पानं झाडायचा, मग तिला उन्हात बसवायचा. सगळं गाव बघायचं. लोक जे म्हणायचं ते म्हणायचे, आणि तो खाली मान घालून ऐकायचा. बरं झालं!

बोध एवढाच: सावलीचं झाड लावण्याआधी, त्याच्याखाली जो बसणार त्याला ऊन केव्हा हवं, हे विचारावं.