पेटीची भोकं

हवेची वाट बुजवून वर फुलं भरणाऱ्यांनो, ही गोष्ट तुमचीच आहे!

छपरांवर सौरपाट्या नव्या होत्या, तेव्हा एका घरात बॅटरीच्या पत्र्याच्या पेटीवर भरतकामाचं जाड कव्हर आलं.

"कव्हरबाई, बाजूला व्हा," पेटी म्हणाली. "आत बॅटरी तापतेय. भडकली तर घर पेटेल."

"आणि तुझी भोकं पाहुण्यांना दाखवू?" कव्हर फणकारलं.

"खुशाल दाखवा! बॅटरी त्यांतूनच श्वास घेते."

पेटीतल्या इवल्या पंख्याने सगळा जोर लावला. कव्हर फुगलं, घसरलं, धपकन जमिनीवर पडलं! भोकांतून गरम हवा सुसाट सुटली, बॅटरी निवली आणि मंदावलेले दिवे लखलखले.

पेटीमागची पाल तेवढी कुरकुरली, "झालं! आता उबेला दुसरं घर शोधा."