बांधात बुडवलेली नौका

पूर्वी वेत्रवती नगरीत राजा इंद्रवर्मा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका व्यापाऱ्याच्या कुळात जन्माला आला. त्याचे नाव सुवीर. वयात येऊन तो नगरश्रेष्ठी झाला, आणि हाती पैसा येताच त्याने नगराबाहेरची ओसाड दलदल विकत घेतली. लोक हसले. सुवीराने तिथली पाच तळी पाटांनी एकमेकांना जोडली, नदीच्या अंगाला मातीचा लांब बांध घातला आणि शिकारीला बंदी केली. बाकी सारे त्याने पाण्यावर सोडले. लव्हाळे माजले, कमळे पसरली. मग पाणमांजरे आली, कासवे आली, आणि दर कार्तिकात उत्तरेकडून हंसांचे थवे उतरू लागले. चटया विणणारी मृगी नावाची बाई तळ्यांची राखण करी.

राजाचा अमात्य वज्रक याला हे पाहवत नसे. तो राजाला म्हणाला, "महाराज, एवढे पाणी बगळ्यांसाठी? बांध फोडला तर तिथे साळीची शेते होतील."

राजाने सुवीराला बोलावले. "श्रेष्ठी, ती तळी मला दे. बदल्यात बारा गावे घे."

"महाराज, आधी एकदा माझ्या होडीत बसा," सुवीर म्हणाला. "मग मागा."

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा आला. होडी लव्हाळ्यांत शिरली आणि पाण्यातून पाणमांजराचे ओले नाक वर आले. "श्रेष्ठी, ते बघ!" राजा कुजबुजला. पलीकडे सारसांची जोडी पंख पसरून नाचू लागली. त्यांचे तपकिरी पिल्लू मध्येच उड्या मारून धडपडत होते. इतक्यात आकाश हंसांच्या आवाजाने भरून गेले. राजा उठून उभाच राहिला आणि टाळ्या पिटू लागला. होडी डुचमळली, तरी त्याला भान नव्हते.

बांधावरून वज्रक हे पाहत होता. आपला बेत फसणार हे त्याने ओळखले. पाणीच उरले नाही तर राजा काय राखणार, असा विचार करून त्याने तयार ठेवलेल्या बेलदारांना खूण केली. कुदळी पडल्या.

"मालक!" मृगी ओरडली. "बांध फोडला! पाणी चाललं!"

पाणी खळाळत निघाले. होडी खिंडाराकडे ओढली जाऊ लागली. सुवीराने बांबू चिखलात रोवून ती थोपवली आणि राजाला काठावर उतरवले. तोवर खिंडारातून बैलगाडी जाईल एवढी वाट झाली होती. टाकलेली माती क्षणात वाहून जाई.

मृगीने पलीकडच्या काठाकडे बोट दाखवले. तिथे दोन कोल्हे येऊन उभे होते. "सारसाच्या पिल्लाला अजून उडता येत नाही, मालक. तळं आटलं की कोल्हे चालत त्याच्यापर्यंत जातील."

थोरल्या तळ्यात सुवीराची नौका रेशमाने भरून उभी होती. बांधाच्या दारातून ती त्याच दिवशी नदीत उतरायची होती. सुवीर नौकेच्या तांडेलाला म्हणाला, "नौका खिंडारात आडवी घाल आणि तळाला कुऱ्हाडी मारा."

"मालक, वर्षभराचा माल आहे!"

"रेशीम पुन्हा विणता येईल. घाल!"

नौका प्रवाहात फिरली, धाडकन खिंडारात अडकली, आणि कुऱ्हाडी पडताच रेशमासकट खाली बसली. फटींतून पाणी उसळतच होते. मृगी लव्हाळ्याच्या पेंढ्या घेऊन धावली. तिच्या मागे खलाशी धावले, बेलदारही धावले, आणि गळ्यापर्यंत चिखलात उतरून राजा ओरडू लागला, "इकडे द्या! अजून एक! दाबा, दाबा!" दुपारपर्यंत पाणी थांबले. सारसांचे पिल्लू लव्हाळ्यांत सुखरूप होते.

बेलदारांनी वज्रकाकडे बोट दाखवले. राजाने तलवार उपसली, तसा सुवीर मध्ये आला.

"महाराज, याने ही तळी केवळ बांधावरूनच पाहिली आहेत. याला मृगीच्या हाताखाली राखणीला ठेवा."

राजाने तलवार म्यान केली, आणि वज्रक मान खाली घालून पाण्यात उतरला. सतरा दिवस तो दरबारात दिसला नाही. अठराव्या दिवशी सभा भरली असताना तो आत धावत आला. डोक्यावर पागोटे नव्हते, पाय चिखलाने माखलेले होते.

"महाराज, उडालं! आपलं पिल्लू उडालं! चला, लवकर चला!"

राजा सिंहासनावरून उठून पळतच सुटला आणि सारी सभा त्याच्यामागे. त्या वर्षी सुवीराची एकही नौका परदेशी गेली नव्हती. तो कमरेइतक्या पाण्यात उभा होता आणि वर पाहून हसत होता. राजाने तिथेच आज्ञा केली, की या पाच तळ्यांवर कोणत्याही राजाने हात टाकू नये.

पूर्वजन्मीची ही कथा सांगून भगवान शास्ता विहारात जमलेल्या भिक्षूंना म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे आपल्याला हे उपवन देणारा गृहस्थ पूर्णक. मृगी म्हणजे भिक्षुणी मृणाला. वज्रक म्हणजे तुमच्यातच बसलेला कंकण. काल विहाराचे तळे बुजवा म्हणाला, तो हाच. आणि सुवीर श्रेष्ठी मीच होतो."

कंकण उठला. त्याने हात जोडले, आणि त्याच्या डोळ्यांना पाणी आले.

"जे आपले आहे ते दुसऱ्या जिवासाठी हसत सोडता येणे," शास्ता म्हणाले, "हीच दानपारमिता, दानाची पूर्णता."