झालंच समजा

धरणाच्या काठी नव्याने वसलेल्या एका गावात निरंजन ढवळे नावाचा एक संगणक दुरुस्त करणारा राहत असे. हात चांगला, स्वभाव गोड, पण एक खोड होती. काम हातात घेतलं न घेतलं की म्हणायचा, "झालंच समजा."

गावच्या वाचनालयात एक स्वस्तातला सर्व्हर होता. वत्सलाताई त्यात गावातल्या म्हाताऱ्यांचे आवाज जपून ठेवत. धरणाखाली गेलेल्या जुन्या गावातल्या शेताशेताचं नाव आता एकट्या राघूबाबा नावाड्यांना ठाऊक होतं. ताईंनी त्यांना रेकॉर्डरपुढे सहा तास बोलतं केलं. पण ते रेकॉर्डिंग सर्व्हरवर चढवायला घेतलं तर काम पुढे सरकेचना.

निरंजनने केबल बदलली, डिस्क तपासल्या. शेवटी दोष सापडला. डिस्कवर लिहिण्याचं काम पाहणाऱ्या कार्डाची, म्हणजे कंट्रोलरची, बॅटरी मेली होती. बॅटरी धड असली की कार्ड सगळं आधी आपल्या मेमरीत घेतं, लगेच 'झालं' सांगतं आणि सवडीने डिस्कवर उतरवतं. मध्येच वीज गेली तर बॅटरी ती मेमरी सांभाळते. आता बॅटरीच नाही म्हटल्यावर बिचारं कार्ड प्रत्येक गोष्ट डिस्कवर उतरल्याशिवाय 'झालं' म्हणत नव्हतं. हळू होतं, पण खोटं बोलत नव्हतं.

नवी बॅटरी यायला आठवडा लागणार होता. निरंजनला कुठला धीर! त्याने कार्डाच्या सेटिंगमध्ये 'बॅटरी नसली तरी चालेल' अशी खूण केली आणि सर्व्हर भरधाव पळू लागला.

"झालंच समजा, ताई," तो म्हणाला. बॅटरीचं मात्र त्याने सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी पडद्यावर 'झालं' आलं. ताईंनी रेकॉर्डरमधलं मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं आणि पूजेसाठी यंत्रं थांबवायची म्हणून दरवर्षीसारखा मेन स्विच बंद केला. सर्व्हरला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. संध्याकाळी तो पुन्हा सुरू केला, तर राघूबाबांचा आवाज उघडेचना. तो डिस्कवर पुरता उतरलाच नव्हता.

तो परत मिळवायला निरंजन तीन दिवस झटत होता. ताईंनी विचारलं की उत्तर ठरलेलं, "झालंच समजा." तिसऱ्या दिवशी पारावर राघूबाबाच भेटले.

"लेकरा, माजं गाव नीट ठिवलं न्हवं?"

खरं सांगितलं असतं तर म्हातारा तिथेच पुन्हा नावं सांगायला बसला असता. पण निरंजनला लाज वाटली.

"झालं, बाबा."

"मग सुटलो बग," म्हातारा हसून म्हणाला.

चौथ्या दिवशी पहाटे राघूबाबा गेले. जुनं गाव दुसऱ्यांदा बुडालं.

आठवड्याने बॅटरी आली. निरंजनने ती बसवली.

"झालं का रे?" ताईंनी विचारलं.

"थांबा ताई," तो म्हणाला, "बघून सांगतो."

तात्पर्य: काम पुरतं होण्याआधी 'झालं' म्हणू नये, आणि म्हटलंच असेल, तर 'नाही झालं' हे सांगायला एक दिवसही लावू नये.