सगुणा माळ्यावर का जाते

एकदा एक गुळाचा व्यापारी, ज्या आश्रमात तो लहानपणी शिकला होता, तिथे आपल्या तरुण मुलीला, सगुणेला, घेऊन आला. अंगणातले आवळ्याचे झाड पाहताच त्याला जुने दिवस आठवले. याच झाडाखाली त्याने श्लोक घोकले होते आणि मारही चुकवला होता. पुढे इथेच पाच वर्षांची सगुणा शंख वाजताच कान दाबून अशी किंचाळली होती, की पूजा अर्ध्यावर राहिली. आज आपण याला स्वमग्नता म्हणतो; तो शब्द तेव्हा कुणी ऐकला नव्हता. ते दिवसही आता त्याला गोड वाटत होते; तेव्हा तिला कडेवर तरी उचलून नेता येत असे.

"गुरुजी, मी पिकलं पान. माझ्यामागे हिला कोण? हिला इथेच ठेवून घ्या. होती तशीच आहे हो ती. अजूनही पाहुणे आले, की माळ्यावर पळते."

वृद्ध गुरुजींनी सगुणेलाच विचारले, "बाळ, तुला कुठे राहावंसं वाटतं?"

"तिला काय कळणार! ती..." व्यापारी मध्येच बोलला.

गुरुजींनी त्यानेच आणलेल्या गुळाच्या ढेपेतला लिंबाएवढा खडा उचलला आणि त्याच्या तोंडात कोंबला. "हा विरघळेपर्यंत बोलायचं नाही."

साठी उलटलेला शिष्य गाल फुगवून गप्प बसला. सगुणा बोटे हलवत झाडाकडे पाहत राहिली. बराच वेळ गेला. व्यापाऱ्याचा जीव वरखाली होत होता, पण इलाज नव्हता.

"घरी," ती म्हणाली. पुन्हा थांबली. "गलका झाला की आधी रडायचे. आता माळ्यावर जाते. बरं वाटलं की खाली येते. पाहुण्यांना पाणी देते."

खरेच की, पाणी तीच देत असे! व्यापाऱ्याचे डोळे भरून आले.

"अरे, तुझ्या मनात ती अजून पाच वर्षांचीच आहे," गुरुजी म्हणाले. "गलक्याचा त्रास तिला आजही होतो, कदाचित जन्मभर होईल. पण त्यातून वाट कशी काढायची, हे ती आपल्या चालीने शिकली. ती वाढत राहिली, तुझंच लक्ष मागे राहिलं. तुझ्यामागे काय, तेही तिलाच विचार. उत्तराला वेळ लागेल, तेवढा दे."

परतताना दोन रस्ते फुटले, तिथे व्यापाऱ्याने गाडी थांबवली.

"सगुणे, कुठून जाऊ या?"

बैल माना हलवू लागले. मागच्या गाडीवानाने दोनदा हाका मारल्या. व्यापारी कासरा धरून गप्प बसून राहिला.