खेकडी काही सोडेना

डोंगराच्या पायथ्याशी एक ओहोळ. ओहोळाच्या काठी एक बीळ. बिळात राहायची एक खेकडी. टीचभर अंग, दोन नांग्या, आणि पोटाशी इवली इवली पिल्लं.

पिल्लं मोठी झाली. आता त्यांना पाण्यात सोडायचं.

पण डोंगरावर होती खाण. खाणीचा लाल गाळ एका बांधाआड साठवलेला. तो बांध फुटला. धो धो धो. गाळ आला खाली. खेकडीचं बीळ बुजलं. ओहोळ झाला लाल लाल.

अशा पाण्यात पिल्लं सोडायची कशी?

खेकडी निघाली. तिरकी तिरकी, तुरु तुरु.

"ओहोळा, ओहोळा, निवळ ना. माझी पिल्लं पोहेनात."

ओहोळ म्हणाला, "मी नाही सांडलं. बांध भरेना, मी निवळेना."

तिरकी तिरकी, तुरु तुरु. खेकडी गेली बांधाकडे.

"बांधा, बांधा, भर ना. बांध भरेना, ओहोळ निवळेना, माझी पिल्लं पोहेनात."

बांध म्हणाला, "मी नाही सांडलं. मला माती हवी. डंपर हलेना, मी भरेना."

तिरकी तिरकी, तुरु तुरु. खेकडी गेली डंपरकडे. त्याचं चाकच केवढं, घराएवढं. खेकडी भ्यायली नाही.

"डंपरा, डंपरा, हल ना. डंपर हलेना, बांध भरेना, ओहोळ निवळेना, माझी पिल्लं पोहेनात."

डंपर म्हणाला, "मी नाही सांडलं. मामा उठेना, मी हलेना."

डंपर चालवायचा जानूमामा. तो झोपला होता सावलीत, तोंडावर टोपी घेऊन. घुर्र घुर्र.

तिरकी तिरकी, तुरु तुरु. खेकडी गेली मामाकडे.

"जानूमामा, जानूमामा, ऊठ ना. मामा उठेना, डंपर हलेना, बांध भरेना, ओहोळ निवळेना, माझी पिल्लं पोहेनात."

मामानं टोपी जराशी सरकवली. "मी नाही सांडलं गो बाय. शेट बोलेना, मी उठेना."

खाण होती बाबलशेटची. शेट बसला होता खुर्चीत. पांढरे कपडे, पांढरी चप्पल, हातात शहाळं. सुर्र सुर्र.

तिरकी तिरकी, तुरु तुरु. खेकडी गेली शेटकडे.

"शेट, शेट, बोल ना. शेट बोलेना, मामा उठेना, डंपर हलेना, बांध भरेना, ओहोळ निवळेना, माझी पिल्लं पोहेनात."

शेट म्हणाला, पाऊस आला, बांध भिजला, बांध फुटला. त्याला मी काय करू? मग त्यानं पाण्याची एक बाटली पुढे केली. पिल्लं यात ठेव म्हणाला, आणि जा घरी.

"घर बुजलंय," खेकडी म्हणाली. "आणि बाटलीत कुणी मोठं होतं का? खाण कुणाची?"

"माझी."

"मग गाळ कुणाचा?"

शेटनं शहाळं ओढलं. सुर्र सुर्र.

"ज्यानं सांडलं, त्यानं पुसायचं."

शेट हसला. "टीचभर तू. करशील काय?"

खेकडी चढली चपलेवर. नांगी उघडली. कट्ट. शेटचा अंगठा धरला.

"सोड, सोड."

"पूस, पूस."

शेट नाचला एका पायावर. थय थय थय. "बरं बाई, पुसतो."

खेकडीनं सोडलं? नाही सोडलं. "बोललास. पण पाणी अजून लाल आहे."

शेट बोलला, मामा उठला. मामा उठला, डंपर हलला. घर्र घर्र. डंपर हलला, बांध भरला.

"आता तरी सोड."

खेकडीनं सोडलं? नाही सोडलं. पाणी अजून लाल होतं.

मग शेट उतरला ओहोळात. घमेलं घेतलं, गाळ उपसला. थपाक थपाक. पांढरे कपडे लाल. पांढरी चप्पल लाल. जानूमामाही उपसू लागला. "शेट," तो गालातल्या गालात हसत म्हणाला, "तो कोपरा राहिला हं."

आज उपसला. उद्या उपसला. परवाही उपसला. शेट ओहोळात, आणि खेकडी अंगठ्यावर.

मग एका सकाळी पाण्यातले गोटे दिसले. एक काळा, एक पांढरा, एक ठिपक्यांचा. ओहोळ निवळला. झुळु झुळु.

तेव्हा कुठे खेकडीनं नांगी उघडली. शेटचा अंगठा सुटला. खेकडी उतरली पाण्यात, पोटाशी धरलेली पिल्लं सोडली. डुबुक. डुबुक. डुबुक डुबुक डुबुक.

पिल्लं गेली गोट्यांखाली, खेकडी गेली पिल्लांमागे, आणि आपली गोष्ट बसली काठावर, पाण्यात पाय सोडून.