म्हटला की गेला

"म्हणजे चारही विसरलात?"

"चारही," मोघे मास्तर म्हणाले आणि त्यांनी बशीत चहा ओतला.

विद्याधरचा चेहरा पडला. या चार मंत्रांसाठीच तो भल्या पहाटेच्या एसटीने पुण्याहून वाईला आला होता. मास्तर उद्या मुलीकडे इंदूरला निघाले होते, कायमचे. खोलीत गोणपाटात शिवलेली भांडी आणि सुतळीने बांधलेले गठ्ठे पडले होते. आज मंत्र मिळाले नाहीत, तर पुढे कधीच मिळायचे नाहीत.

मंत्र म्हणजे देवाधर्माचे नव्हेत हो. खेळातले.

चाळीसेक वर्षांपूर्वी याच खोलीत तो खेळ रंगायचा. मास्तरांचा धाकटा भाऊ बोटीवर नोकरीला, त्याने परदेशातून खेळाचं पुस्तक धाडलं होतं. पट नाही, सोंगट्या नाहीत. मास्तरांनी गोष्ट सांगायची आणि गल्लीतल्या पाच पोरांनी तिच्यातले मांत्रिक होऊन भुयारं धुंडाळायची. पुस्तकात म्हटलेला वीस बाजूंचा फासा वाईत कुठून मिळणार? हाऊजीचे एक ते वीस आकडे बटव्यात घालून काम भागवलं जाई. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे, त्यामुळे भुयारांचे नकाशे मात्र असे की बघत राहावं. पोरं कुठल्याशा वळणावर येऊन ठेपली की मास्तर पेन्सिल खाली ठेवत आणि एकाकडे बघून विचारत, "बोल, काय करतोस?"

त्या तीन शब्दांनी अंगावर काटा यायचा.

खेळाचा एक नियम जुना आणि कडक होता. गोष्टीत सकाळ झाली की मांत्रिकाने पोथीतून त्या दिवसापुरते मंत्र पाठ करायचे. जितके मंत्र, तितके चिंचोके मुठीत. मंत्र म्हटला की तो डोक्यातून पुसला जाणार आणि चिंचोका मास्तरांच्या वाटीत पडणार. पुन्हा हवा असेल तर दुसऱ्या सकाळी पुन्हा पाठ करा.

आणि प्रत्येकाला एकच कानमंत्र. तो कुठल्याही पोथीत नसे. मास्तर स्वतः रचत आणि एकेकाला जवळ बोलावून कानात सांगत. त्याच्यासाठी चिंचोका नाही, सागरगोटा. अडलेलं कुठलंही काम तो करून देई, पण मांत्रिकाच्या आख्ख्या जन्मात एकदाच. म्हटला की गेला.

"असे कसे विसरलात, मास्तर? तुम्हीच तर रचले होते."

"पोरांनी म्हटले ना ते? मग माझ्याकडे कसे राहतील?"

विद्याधरने पिशवीतून एक जाडजूड बाड काढलं आणि मास्तरांपुढे ठेवलं.

विद्याधर ग्रंथपाल होता, गेल्या साली निवृत्त झाला. माणूस निवृत्त होतो, खोड होत नाही. जुन्या खेळांची पुस्तकं, झेरॉक्स, फाटक्यातुटक्या आवृत्त्या कुठून कुठून मागवून त्याने त्यांतल्या यच्चयावत मंत्रांचा कोश रचला होता. पायरीप्रमाणे, अकारविल्हे, मागे सूची. घरच्यांनी चेष्टा केली, तरी तो ढळला नाही. खरं सांगायचं तर प्रत्येक नोंद करताना त्याला या खोलीतल्या रॉकेलच्या स्टोव्हचा वास यायचा, आणि तेवढ्यासाठीच तो पुढची नोंद करायचा. पण हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

मास्तरांनी बाड उचलून पाहिलं. "वजन आहे."

"विचारा काहीही."

"निद्रामंत्र?"

"पहिली पायरी. साहित्य, चिमूटभर खसखस. पल्ला अंगणाएवढा. तीन आवृत्त्यांत तीन तऱ्हा आहेत, फरक तळटीपेत दिलाय."

"न बघता सांगितलंस."

"सगळे पाठ आहेत, मास्तर." विद्याधरची मान जरा ताठ झाली.

"सगळे?"

"सगळे."

"अरेरे..."

विद्याधर बघतच राहिला. "यात अरेरे काय?"

"पाठ आहेत, म्हणजे म्हटलेला एकही नाही."

मास्तर चहा पीत राहिले. खाली अंगणात, त्यांना न्यायला आलेली मुलगी टेम्पोवाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालत होती.

विद्याधरने बाडातली शेवटची पानं उघडली. वर सुबक अक्षरात शीर्षक होतं: कानमंत्र. पाच पानं होती. पहिली चार कोरी, पाचवं भरलेलं.

"चौघांना फोनवर विचारलं. एकालाही शब्द आठवत नाहीत. अस्लमला विचारलं, तर म्हणतो, 'अरे शब्द कुठले आठवतात यार! पण ते गाढव कसं वर आलं, आठवतं ना तुला?' आणि जो हसत सुटला, तो हसतच राहिला. शारजातून फोन होता. बिल त्याचंच गेलं म्हणा."

मास्तरही हसले. अस्लमने आपला कानमंत्र पहिल्याच आठवड्यात उधळला होता. गोष्टीतलं ओझ्याचं गाढव विहिरीत पडलं, म्हणून. जन्मात एकदा म्हणायचा मंत्र, आणि तो गाढवापायी! बाकीच्यांनी त्याला त्या दिवशी इतकं फैलावर घेतलं की तो रडकुंडीला आला. पण मास्तरांनी ते गाढव असं वर आणलं, कान फडफडवत, अंगावरचं पाणी सगळ्यांवर उडवत, की पुढे कितीतरी दिवस पोरं एकमेकांना भेटली की कान फडफडवायची.

"आणि हा पाचवा?" मास्तरांनी भरलेल्या पानावर बोट ठेवलं.

"माझा. शब्द न् शब्द आहे."

"असणारच. माझा सागरगोटा आणलायस का?"

विद्याधर ओशाळला. त्याने खिशातून सागरगोटा काढला. राखाडी होता, आता हाताळून हाताळून काचेसारखा गुळगुळीत झालेला.

"काखेत कळसा," मास्तर म्हणाले. मग उठले, गठ्ठ्यांतून एक सुरळी शोधून काढली आणि तिच्यातला एक नकाशा जमिनीवर पसरला.

विद्याधरने तो लगेच ओळखला. पाचवं भुयार. पिवळा पडलेला चौकटींचा कागद, बारीक पेन्सिलीच्या रेघा, आणि बोळाच्या टोकाला एक छोटी आडवी रेघ. ते दगडी दार होतं. त्याच्या पलीकडे कागद कोरा.

त्या संध्याकाळी पाचहीजण या दारापाशी येऊन थांबले होते. सगळ्यांचे चिंचोके वाटीत गेलेले, चौघांचे सागरगोटेही कधीच खर्ची पडलेले. उरला होता तो एकट्या विद्याधरचा. मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "बोल, काय करतोस?"

विद्याधरने मूठ घट्ट मिटली होती. "नुसत्या दारासाठी कशाला घालवू? दारामागे जे असेल, त्याच्यासाठी ठेवतो."

तेवढ्यात दिवे गेले. उद्या बघू म्हणून सगळे उठले. मग कुणाची परीक्षा आली, कुणाच्या वडिलांची बदली झाली, अस्लम मामाकडे मुंबईला गेला तो तिकडूनच आखातात. तो उद्या काही उजाडला नाही.

"दारामागे काय होतं हो, मास्तर?"

"मला काय ठाऊक?"

"नकाशा तर तुम्हीच काढत होता!"

"तुम्ही उघडल्यावर काढणार होतो. कुणी उघडलंच नाही."

विद्याधर त्या कोऱ्या कागदाकडे बघत राहिला.

"कोशात दार उघडायचे मंत्र किती आहेत रे?"

"सहा."

"मग म्हण त्यातला एखादा."

"ते कसे चालतील? चिंचोके संपले होते ना त्या दिवशी." बोलता बोलता तो थबकला. चाळीस वर्षांपूर्वीचा हिशेब तो आताही पाळत होता.

"बरोबर," मास्तर म्हणाले. "मग उरलंय काय?"

विद्याधरने सागरगोट्यावर बोटं मिटली.

"पण मास्तर, हा म्हटला तर..."

"तर गेला. मग कोशात ठेवता यायचा नाही. नियम तुला पाठ असेलच."

कोशातले बाकीचे मंत्र कुठल्या ना कुठल्या पुस्तकात सापडले असते. हा एकच असा होता, जो जगात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. तो गेला की पाचही पानं कोरी. इतक्या वर्षांच्या कामाचा शेवट कोऱ्या पानांवर करायचा?

"आणि दारामागे काही भयंकर निघालं तर? तेव्हा हाताशी काहीच उरणार नाही."

मास्तरांनी खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला, ब्लेड काढलं...

"नाव ठेवताना तुझ्या आईबापांनी फार विचार केलेला दिसतो," ते ब्लेडची धार बघत म्हणाले. "विद्याधर. विद्या धरून ठेवणारा."

विद्याधरला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. खाली टेम्पोचं फाळकं धाडकन आपटलं. गठ्ठे न्यायला आता कुणीतरी वर येणार होतं.

त्याने बाडातलं पाचवं पान अलगद फाडलं आणि मास्तरांपुढे धरलं. एवढं जपलेलं पान मास्तर निदान वाचतील, असं त्याला वाटलं. मास्तरांनी ते जमिनीवर अंथरलं आणि त्याच्यावर पेन्सिलीला टोक काढायला सुरुवात केली. छिलके त्या सुबक अक्षरांवर पडत गेले.

टोक झालं. मास्तरांनी पान छिलक्यांसकट चुरगाळून कोपऱ्यातल्या केरात टाकलं आणि ते वाट बघत बसले.

विद्याधरने डोळे मिटले. ओठ हलले, थांबले... मग त्याने कानमंत्र खणखणीत आवाजात म्हटला. चार शब्दांचा तर होता. कोणते, ते इथे सांगता येत नाही. तो गेला.

वाटी गोणपाटात शिवून झाली होती, म्हणून मास्तरांनी रिकामी बशी पुढे केली. सागरगोटा तिच्यात पडला, गोल फिरला आणि थांबला.

मास्तर नकाशावर वाकले. बोळाच्या टोकाची ती आडवी रेघ त्यांनी खोडरबराने पुसली आणि कागदावर हलकेच फुंकर मारली. मग टोक काढलेली पेन्सिल खाली ठेवली आणि विद्याधरकडे पाहिलं.

"उघडलं," ते म्हणाले. "बोल, काय करतोस?"